गटाराचं झाकण उघडणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. त्या सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी तुम्ही मॅनहोलचं झाकण बाजूला सारून दोरीला बांधलेलं भांडं खाली सोडत होतात. वर आलेलं गढूळ पाणी बाटलीत ओतलंत, बाटली बाहेरून पुसलीत, तिच्यावर वेळ लिहिलीत आणि बर्फाच्या पेटीत ठेवलीत. मी नाकाला रुमाल लावून घाईघाईने पुढे निघाले होते. "कोरोना वाढतोय का, ते यात कळतं," असं तुम्ही म्हणालात, म्हणून थांबले.

आईच्या किडनी प्रत्यारोपणाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं चालू होती, आणि अशा रुग्णांना लस घेऊनही इतरांइतकं संरक्षण मिळत नाही. साथ संपली असंच सगळे धरून चालले होते. कुणी घरच्या घरी किटवर तपासणी करायचं, कुणी तपासायचंच नाही. मग रोजच्या रुग्णसंख्येवर विसंबायचं तरी कसं? आईला बाहेर कधी न्यावं, पाहुण्यांना कधी 'या' म्हणावं, आम्हाला काहीच उमगत नव्हतं.

ते तुम्ही पाच मिनिटांत सोडवलंत. बाधित माणसाच्या शौचातून विषाणूचे अंश बाहेर पडतात, पुष्कळदा लक्षणं नसतानाही. त्यामुळे दवाखान्यात कुणी गेलं नाही तरी गटारात खबर पोचलेली असते. घरी येऊन मी शोधून वाचलं. २०२० च्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या आमर्सफोर्ट शहरात पहिला रुग्ण नोंदवला जाण्याआधीच विषाणूचा माग सांडपाण्यात लागला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲरिझोना विद्यापीठाने एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात विषाणूचा माग लागल्यावर तिथल्या ३११ जणांची तपासणी केली. दोघे बाधित निघाले, आणि दोघांनाही काही त्रास होत नव्हता. वाचताना मला तुमची ती बाटलीच दिसत होती.

तेव्हापासून सांडपाण्यातल्या विषाणूचा आठवड्याचा आलेख आमच्या घरात औषधांच्या वेळापत्रकाशेजारी लागतो. रेषा चढू लागली की येणंजाणं कमी, खिडक्या उघड्या, बाहेर पडताना एन-९५. ती उतरली की आई मैत्रिणींना भेटते. दोन हिवाळे असे गेले, आणि आईला कोरोना झाला नाही. श्रेय एकट्या आलेखाचं नाही, डॉक्टरांचं आणि तिच्या स्वतःच्या शिस्तीचंही आहे. पण महिनोन्‌महिने दार लावून बसण्यातून तिची सुटका तुमच्या कामामुळेच झाली.

तुमचं एक वाक्य मनातून जात नाही. "ज्या वस्तीत गटारच नाही, ती या आकड्यात नाही." म्हणून तुम्ही उघड्या नाल्यावरही वेगळी बाटली भरायला जाता. सगळ्यात दाटीने राहणारी माणसंच मोजणीतून सुटली, तर शहराला साथीची चाहूल लागली असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? हे मला कुठल्याही अहवालाआधी तुमच्याकडून कळलं.

तुमच्या उजव्या हातमोज्याचा अंगठा फाटला होता आणि त्याला चिकटपट्टी लावली होती. त्याबद्दल मी आरोग्य विभागाला लेखी कळवलं आहे. नवे हातमोजे मिळाले नसतील तर मला सांगा, मी पुन्हा लिहीन.

आणि पुढच्या फेरीला आलात की आमच्या दारावर थाप मारा. या पत्रावर तुमचं नाव आईला स्वतःच्या हाताने लिहायचं आहे.

तुमची,
गल्लीतली एक बहीण