फळी काढायला मी येते, तोवर थांबा

ती. आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई सहज बोलून गेली की बाबांनी डायव्हिंग बोर्ड काढायचं मनावर घेतलंय आणि पाना शोधून ठेवलाय. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. बाबा, फळी काढायचा निर्णय अगदी बरोबर आहे. फक्त ती एकट्याने काढू नका. मी शनिवारी येते आणि सोबत आणखी एक धडधाकट माणूस आणते.

मागच्या वेळी आले होते तेव्हा मी त्या फळीवर बसले होते. जिथे ती मधल्या टेकूवर टेकते, तिथे वरच्या फायबरला केसाएवढी चीर दिसली. अंगठ्याने दाबलं तर चिरेतून तपकिरी पाणी आलं. वरून फायबरग्लास असलं तरी आत लाकूडच आहे, आणि ते कुजलंय. अशी फळी आधी वाकून इशारा देत नाही, एकदम मोडते. आई, तू म्हणालीस की दोरी बांधून तशीच ठेवू, कोणी चढणार नाही. पण मुलं दोरीखालून जातात. मीही गेले असते.

आता बोल्टविषयी. बाबा, ते स्टीलचे आहेत, वरून अजून चकाकतात, म्हणून तुम्हाला ते धड वाटतात. पण क्लोरीनच्या सहवासात वर्षानुवर्षं राहिलेल्या स्टेनलेस स्टीलला आतून बारीक तडे जाऊ शकतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. तुम्ही जोर लावून पाना ओढता आहात आणि बोल्ट कटकन तुटला, तर माणूस ओढीच्या दिशेने मागे कोसळतो. मागे तलावाचा काठ असेल तर काय होईल हे मला लिहवतही नाही. म्हणून पाना ओढताना पाठ कधीही पाण्याकडे नको.

त्याहून मोठा धोका वजनाचा. फळी मागच्या दोन बोल्टांनी धरलेली आहे, मध्ये टेकू आहे आणि पुढचा भाग पाण्यावर अधांतरी आहे. मागची पकड सुटली की ती पुढे कलंडू शकते, आणि पाणी मुरलेली ती फळी दिसते त्यापेक्षा पुष्कळ जड आहे. तेव्हा टेकूच्या दोन बाजूंना दोघांनी ती पेलून धरायची, तिसऱ्याने मागचे नट काढायचे. मग उचलून आधी मागे सरकवायची आणि पूर्ण जमिनीवर आली की बाजूला न्यायची. बाबा, नट काढायचं काम तुमचं. पेलायचं आमचं. तुमच्या कमरेचं दुखणं मला ठाऊक आहे.

नट हलले नाहीत तर ज्योत दाखवायची नाही, फायबर आणि लाकूड दोन्ही पेट घेतील. ग्राइंडरने नट बाजूने कापू. त्याआधी क्लोरीनचे डबे तिथून लांब हलवायचे, ठिणग्यांजवळ ते नकोतच. लोखंडाचा कीस पाण्यात पडला तर तळाला गंजाचे डाग पडतात, म्हणून काठावर ताडपत्री अंथरू आणि पाण्याकडची कड उंच करून ठेवू. पाण्यावर मात्र ताडपत्री पसरायची नाही. कोणी त्यावर पडलं तर तीच अंगाला गुंडाळते.

तलाव रिकामा करून काम करू, असंही तुम्ही म्हणाला होतात ना? तो विचार सोडा. जमिनीतल्या पाण्याचा दाब खालून वर असतो, आतल्या पाण्याचं वजन तो तोलून धरतं. पाणी उपसलं की रिकामा तलाव उचलला जाऊन तडकू शकतो. पाणी आहे तसं राहू दे.

स्टँड काढताना खाली एक जाड तांब्याची तार दिसण्याची शक्यता आहे. ती जुनी, बिनकामाची समजून कापू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. शिडी, कठडा, पंप, काँक्रीटमधल्या सळ्या अशा तलावाभोवतीच्या सगळ्या धातूंना ती एकत्र जोडते, म्हणजे ओल्या हाताने दोन ठिकाणी धरलं तरी त्यांच्यात विजेचा फरक राहत नाही. स्टँडपाशी ती तोडली तर पुढची शिडी एकटी पडू शकते. इलेक्ट्रिशियन बोलावून त्याच्याकडूनच ती सोडवून नीट जोडून घेऊ.

काँक्रीटमध्ये राहिलेले बोल्ट फक्त जमिनीलगत कापून भागत नाही. गंजलं की लोखंड फुगतं आणि भोवतीचं काँक्रीट फोडतं. वर राहिलेलं टोक अनवाणी टाचेत घुसेल ते वेगळंच. भोवती छिन्नीने दोन-तीन सेंटिमीटर खोल खणायचं, तिथे बोल्ट कापायचा आणि वर इपॉक्सीचा मसाला भरायचा. त्या वेळी मास्क आणि चष्मा, बाबा, तुम्हालाही.

फळी गेल्यावर मला काठावर ठळक अक्षरांत ‘सूर मारू नका’ असं रंगवायचं आहे. आपला तलाव सर्वात खोल जागी जेमतेम अडीच मीटर आहे आणि तिथून लगेच चढ सुरू होतो. स्पर्धेतल्या एक मीटर उंचीच्या फळीखाली निदान 3.4 मीटर पाणी लागतं. इतकी वर्षं आपण सगळे सुखरूप वर आलो, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो. पाहुण्यांच्या मुलांना मुटका मारायचा असेल तर खोल टोकाला मारू दे, पाय आधी. डोकं आधी नाही.

तुम्ही मला याच फळीवर सूर शिकवलात, बाबा. मी टोकाशी थरथरत उभी, तुमचा एक हात माझ्या पोटाशी आणि ‘हनुवटी छातीला, हात कानाला’ हे पुन्हा पुन्हा. आई काठावर टॉवेल उघडून उभी. ती फळी निघताना मला तिथे असायचंच आहे.

तर गुरुवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल सोडा, पोटभर मुरू द्या. जमिनीवर बसून, काठापासून लांब राहून, आणि आई शेजारी असताना. पाना कपाटातच राहू द्या, मी आल्यावर काढू.

तुमची लेक