भाऊच्या धक्क्यावरच्या नाखवांना

नाखवा, सप्रेम नमस्कार.

बोट पारखून दिल्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा स्वतःच पाजलात. आता फोनही उचलत नाही. म्हणून हे उघड पत्र.

होळीनंतर आम्ही दोघं भाऊ सेकंडहँड बोट बघत फिरत होतो. रेवसच्या पुढे खाडीकाठी घर आहे आणि आईच्या गुडघ्यांना लाँचची फळी चढवत नाही. दोन बोटी मनात होत्या: सपाट तळाची १८ फुटी, आणि खोल व्ही तळाची, तिच्याहून जुनी २३ फुटी. दलालाने दोन्ही सकाळी आठला फिरवून दाखवल्या. समुद्र तेव्हा परातीतल्या पाण्यासारखा होता. लहान बोट उभी असताना डोलत नाही, पेट्रोल कमी पिते, ओहोटीला चिखलावर सरळ बसते, असं त्याने सांगितलं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं, हीच तर त्याची हुशारी.

तुम्ही एवढंच विचारलंत, “परत कधी यायचं?”

संध्याकाळी, म्हटलं. तुम्ही हसलात. दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो आणि रेवसहून मुंबईला येताना तो थेट तोंडावर असतो, हे जन्मभर मुंबईत राहून आम्हाला माहीत नव्हतं!

त्या दुपारी चार वाजता तुम्ही लहान बोटीत पुढच्या बाकावर जाऊन बसलात. “आई इथंच बसणार ना? मग चालव.” सपाट तळ लाटेवर थापटीसारखा आपटत होता. सहाव्या-सातव्या दणक्याला तुम्ही हात वर केलात. मग मोठीत, त्याच जागी. तिचा तळ लाट कापत गेला. उभी केल्यावर मात्र ती चांगलीच डोलली, तेही तुम्हीच दाखवलंत. पुढे पेचकसाच्या मुठीने मागची फळी ठोकत गेलात. एका ठिकाणी ठणठण थांबून भद आवाज आला. आतलं प्लाय भिजलेलं होतं. दलालाचा चेहरा बघण्यासारखा झाला. किंमत किती उतरली ते इथे लिहीत नाही.

धक्क्यावर उतरताना तुमचा शर्ट वर सरकला आणि कमरेचा पट्टा दिसला. तो बांधून तुम्ही ते दणके खाल्लेत, ओळखही नसलेल्या बाईच्या पाठीसाठी. भाऊ घरी येईपर्यंत बोलला नाही. आमच्या ओळखीतल्या तिघांनी “बघून सांगतो” म्हटलं होतं, त्यांच्या कमरा ठणठणीत आहेत. अशी माणसं धक्क्यावर मासळीच्या पाट्यांमध्ये उभी असतात आणि आपण त्यांच्याकडे फक्त पापलेटचा भाव विचारतो.

मोठीच घेतली. फळी बदलून झाली. गेल्या रविवारी आई जाऊन आली, परतीला वारा होताच. उतरल्यावर पहिलं तिने तुमच्याबद्दल विचारलं. लिंबाच्या लोणच्याची बरणी बर्फवाल्याकडे ठेवली आहे. आणि कमरेला कोणतं तेल लावता, तेही तिला कळवा.