सात जणांनी तिला तेच विचारलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या शाळकरी मुलाने जीव दिल्याची किंवा एखादी मुलगी घरातून निघून गेल्याची बातमी आली की गोव्यात दोन दिवस हळहळ होते आणि तिसऱ्या दिवशी ‘शाळेत समुपदेशक नेमा’ ही मागणी सुरू होते. मागणी योग्यच आहे. पण तीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवल्यानंतर मला टोचणारी गोष्ट निराळी आहे.

मार्च 2018 मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या. 2012 च्या बंदीतून कसेबसे सावरलेले ट्रकवाले त्या दिवसापासून घरी बसले. मी तेव्हा खाणपट्ट्यातल्या एका शाळेत नववीची वर्गशिक्षिका होते. वर्गातली एक मुलगी (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलते आहे) गणितात पहिली यायची. पावसाळा संपला तरी ती लांब बाह्यांचा स्वेटर काढीना. एकदा फळ्यावर लिहिताना बाही वर सरकली आणि मला तिच्या हातावरच्या जखमा दिसल्या. दारात उभा ट्रक, बँकेचा हप्ता, वडिलांची दारू, रात्रीची मारहाण, हे सगळं तिने मला मधल्या सुट्टीत सांगितलं. रडली नाही. हजेरी द्यावी तसं सांगितलं.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी तिला बोलावून पुन्हा विचारलं. शाळेच्या समुपदेशक कंत्राटी, तीन शाळा सांभाळणाऱ्या. त्या पुढच्या आठवड्यात आल्या, त्यांनी विचारलं. त्यांनी आरोग्य केंद्राकडे पाठवलं, तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. मारहाणीचा उल्लेख आल्यामुळे पोलीस ठाण्यातल्या बाईंनी विचारलं. एका सरकारी कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी विचारलं. शेवटी एका मोठ्या रुग्णालयात नेलं तेव्हा तिथेही पहिल्यापासून सुरुवात. माझ्यासकट सात जण झाले. त्यातला एकही माणूस वाईट नव्हता, उलट दोघांनी तर स्वतःच्या खिशातून तिच्या बसभाड्याचे पैसे दिले. पण आधी कोणाला काय सांगितलं आहे, हे सातव्याला ठाऊक नव्हतं, आणि पुढे काय झालं हे पहिल्याला, म्हणजे मला, कोणी कळवलं नाही. सातव्या वेळी ती म्हणाली, “काही नाही, मी पडले होते.” दहावीच्या आधी तिने शाळा सोडली.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तिचा धाकटा भाऊ वाड्यावरच्या अंगणवाडीत जायचा. तिथल्या सेविकेला त्या घराचं सगळं माहीत होतं. पोर सकाळी उपाशी येतं, आईच्या अंगावर वळ असतात, हे ती वर्षभर पाहत होती. तिला आमच्यापैकी कोणीच काही विचारलं नाही. शाळा शिक्षण खात्याची, अंगणवाडी महिला आणि बाल विकास खात्याची. दोहोंच्या मध्ये रस्ता एवढाच.

म्हणून मला वाटतं की आपल्याकडे कमतरता आहे ती पुढारपणाची. भाषणातलं पुढारपण मी म्हणत नाही. “हे मूल माझं, त्याचं पुढे काय झालं ते मी सांगेन,” असं म्हणणारा आणि तसं म्हणायचा अधिकार असलेला माणूस कुठेच नसतो.

कायद्यांची आपल्याकडे वानवा नाही. मडगावात आश्रमातल्या मुलांचं लैंगिक शोषण करणाऱ्या फ्रेडी पीट्सच्या प्रकरणाने गोवा हादरला होता. त्याला 1996 मध्ये जन्मठेप झाली. मुलांसाठी स्वतंत्र, सर्वंकष कायदा गोव्याने 2003 मध्ये केला, तेव्हा देशात असं काही नव्हतं. त्यातून बाल न्यायालय आलं, गावोगावी ग्राम बाल समित्या असाव्यात असं ठरलं. पुढे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा पोक्सो कायदा आला. 2015 च्या बाल न्याय कायद्याने बाल कल्याण समितीला, म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य यांना, दंडाधिकाऱ्याचे अधिकार दिले आणि प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना करायला सांगितलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क ठरवला. मेरशीला ‘अपना घर’ हे सरकारी बालगृह आहे, बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. कांदोळीत जन्मलेल्या, संमोहनविद्येसाठी ओळखल्या जाणाऱ्या आबे फारियाचं नाव एके काळी या संस्थेच्या रुग्णालयाला होतं; माणसाच्या मनाची ताकद ज्याने पॅरिसमध्ये लोकांसमोर मांडली त्याच्याच गावाकडे ‘बांबोळीला नेलं’ म्हटलं की अजून आवाज खाली येतो. त्या मुलीची आईही मला हेच म्हणाली होती, “टीचर, म्हजें चेडूं पिशें न्हय.” (माझी मुलगी वेडी नाही.) त्या माऊलीला उत्तर द्यायला शब्द लागत होते, आणि ते देण्याचं काम कोणाचं हेच ठरलेलं नव्हतं.

दर कायद्याबरोबर एक नवं टेबल आलं. टेबलं जोडणारा माणूस कोणत्याच कायद्याने दिला नाही.

इंग्लंडचं एक उदाहरण इथे द्यावंसं वाटतं. व्हिक्टोरिया क्लिंबी ही आठ वर्षांची मुलगी फेब्रुवारी 2000 मध्ये लंडनमध्ये घरातल्या छळाने मेली. तिला समाजसेवा विभागाने पाहिलं होतं, पोलिसांनी पाहिलं होतं, दोन रुग्णालयांनी पाहिलं होतं. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशी अहवालात, तिला वाचवता आलं असतं अशा किमान 12 संधी मोजून दाखवल्या आहेत. तो अहवाल आला 2003 मध्ये, आपला बाल कायदा झाला त्याच वर्षी. त्यानंतर तिथे 2004 च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक प्रशासनात मुलांच्या शिक्षणाला आणि संरक्षणाला मिळून एकच संचालक नेमणं बंधनकारक केलं. मुलाच्या बाबतीत काही चुकलं तर पहिला प्रश्न त्याला. एवढं करूनही तिथे सगळं सुरळीत झालं असं नाही, त्यानंतरही मुलं दगावली. पण प्रश्न कोणाला विचारायचा हे तरी ठरलं.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. ‘संगत’ ही संस्था 1996 पासून गोव्यातच मानसिक आरोग्याचं काम करते. आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत तिने केलेला प्रयोग 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी उदासीनतेच्या आणि चिंतेच्या रुग्णांना हाताळलं, आणि सरकारी केंद्रांतले रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले. त्यात मला महत्त्वाची वाटते ती रचना. रुग्ण त्या समुपदेशिकेचा. डॉक्टर आणि मधूनमधून येणारे मानसोपचारतज्ज्ञ तिच्या पाठीशी, आणि रुग्ण आला नाही तर विचारपूस करणारीही तीच. ते रुग्ण मोठ्या वयाचे होते. पण मुलांनाही नेमकी अशीच एक व्यक्ती हवी असते.

2015-16 चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण 12 राज्यांत झालं. त्यात 13 ते 17 वयाच्या मुलांपैकी 7.3 टक्के मुलांना काही ना काही मानसिक विकार आढळला. चाळीसच्या वर्गात तिघं. माझ्या प्रत्येक वर्गात ते तिघं बसलेले असणार, आणि मी बहुतेकदा त्यांना ‘लक्ष नसतं’ असा शेरा दिला, हे आज आठवलं की वाईट वाटतं.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा. स्वागतार्ह. पण पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोण इथल्या कितीतरी मराठी शाळांचा पट शंभराला टेकत नाही. तिथे बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करा, असं न्यायालयाने म्हटलं आहे. ही जोडणी कोण करणार? मुख्याध्यापक? त्यांच्याकडे माध्यान्ह आहारापासून निवडणुकीच्या कामापर्यंत सगळं आहे. हे काम खात्याच्या वरच्या माणसाने हातात घ्यायचं आहे, आणि तो माणूस अनेकदा ‘अतिरिक्त ताबा’ घेऊन बसलेला असतो. त्याला विषय समजेपर्यंत बदलीचा आदेश येतो. मुलांच्या कामाला अतिरिक्त ताब्यावर ठेवणं थांबवा, ही माझी पहिली मागणी.

शिक्षण, आरोग्य, महिला आणि बाल विकास, पोलीस या सगळ्यांना बोलावण्याचा आणि त्यांच्याकडून लेखी उत्तर घेण्याचा अधिकार असलेली एकच व्यक्ती राज्याने नेमावी. निदान पाच वर्षांसाठी. तिने मुलांमध्ये काम केलेलं असावं. फाईल वाचता येणं पुरेसं नाही. तिच्या कामाचा अहवाल दर वर्षी विधानसभेत यावा, आणि त्यात किती कार्यशाळा झाल्या याऐवजी किती मुलांना तीच कहाणी दोनदा सांगावी लागली, किती जणांनी मध्येच उपचार सोडले, हे असावं.

खाली तालुक्यात नवीन कार्यालय नको. बाल विकास प्रकल्प अधिकारी आहेत, आरोग्य अधिकारी आहेत, भागशिक्षणाधिकारी आहेत, समुपदेशक आहेत. त्यांनी पंधरवड्यातून एकदा दोन तास एका खोलीत बसावं, नावानिशी प्रत्येक मुलाबद्दल बोलावं, आणि उठण्यापूर्वी त्या मुलाची जबाबदारी कोणाची हे लिहून ठेवावं. मुख्य सेविकेला आणि अंगणवाडी सेविकेला त्या खोलीत खुर्ची हवी. गोपनीयतेची अडचण पुढे केली जाईल हे मला माहीत आहे. मुलाची ओळख उघड करायला कायद्याची बंदी आहे आणि ती हवीच. पण ती बंदी वर्तमानपत्रासाठी आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरने आणि संरक्षण करणाऱ्या अधिकाऱ्याने एकमेकांपासून तोंड लपवावं म्हणून नाही. मुलाला विचारा, त्याच्या संमतीने एकदा नीट लिहून घ्या, तोच कागद पुढे जाऊ दे.

अठरा वर्षांच्या उंबरठ्याचाही विचार व्हायला हवा. बालगृहातलं मूल अठराव्या वाढदिवसाला बाहेर पडतं. कायद्याने 21 वर्षांपर्यंत पाठपुरावा सांगितला आहे, पण तो करणारा ओळखीचा चेहरा त्याच दिवशी बदलला तर त्या मुलाने नव्या माणसाशी का बोलावं? मनाचे आजार तर याच वयात डोकं वर काढतात.

आणि या कामातल्या माणसांकडेही कोणी पाहायला हवं. आमच्या शाळेच्या समुपदेशक एकदा स्टाफरूममध्ये टेबलावर डोकं टेकून बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी तीन मुलांच्या घरच्या गोष्टी ऐकल्या होत्या आणि त्यांचं ऐकायला कोणी नव्हतं. मार्चनंतर त्यांचं कंत्राट पुढे चालेल की नाही हेही त्यांना माहीत नव्हतं. अशा माणसाला महिन्यातून एकदा बसवून “तुमच्याकडची अवघड केस कोणती?” असं विचारणारा वरिष्ठ असेल, तर ती व्यक्ती टिकते, आणि ती टिकली तर मुलाचा विश्वास टिकतो.

तालुक्यांत अशा बैठका सुरू करायचं सरकारने मनावर घेतलं आणि जुन्या शिक्षकांची मदत लागली, तर डिचोलीत मी येईन. कोणत्याही वारी, मानधनाशिवाय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
डिचोली, गोवा