वनमंत्री महोदय, पक्ष्यांचं जंगल वाघाच्या घड्याळावर चालत नाही

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: सह्याद्रीतली मुक्कामाची जंगल शिबिरं आणि पक्षिनिरीक्षण

महोदय,

सदाहरित जंगलात पर्यटकांसाठी तंबू उभे राहतात तेव्हा नियम बहुधा व्याघ्रप्रकल्पातून उचललेले असतात: फाटकाची वेळ, जिप्सी, ठरलेली फेरी. सिंधुदुर्गातल्या आंबोली-तिलारीत धनेश (हॉर्नबिल) आणि कर्णा (मलबार ट्रोगन) हे पक्षी बघायला आलेल्या माणसाला त्यांचा काही उपयोग नाही.

या जंगलातले पक्षी उजाडायच्या अर्धा तास आधी बोलू लागतात आणि ऊन चढलं की गप्प होतात. दक्षिण कोकणात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातच्या पुढे. फाटक मात्र सूर्याप्रमाणे नव्हे, ठरलेल्या ठोक्याला उघडतं. वर ओळखपत्र, नोंदवही, पावती. मुक्कामी लोकांची नोंद आदल्या संध्याकाळी उरका आणि त्यांना झुंजूमुंजू होतानाच पायी निघू द्या. तिलारीत हत्ती आहेत, गवे सगळीकडेच. म्हणून पुढे वनरक्षक हवा आणि नीट दिसू लागेपर्यंत शिबिराच्या आसपासच राहावं. एका गाईडमागे सहा जण पुरे. अरुंद वाटेवर सातव्याला काही दिसत नाही, मग तो बोलायला लागतो.

जिप्सीतून कर्णा सापडणं हा नशिबाचा भाग. तो मधल्या उंचीच्या फांदीवर निश्चल बसतो आणि चाहूल लागली की लाल पोट लपवून तपकिरी पाठ आपल्याकडे फिरवतो. एका जागी दहा मिनिटं उभं राहिलं, तरच त्याची मान वळलेली कळते.

आता खरा मुद्दा: ढोल्यांचा. तंबूंच्या जागेवरची जुनी, पोकळ झाडं धोकादायक ठरवून आधी तोडली जातात. मोठा धनेश नेमका अशाच बेहड्या-सातविणीच्या ढोलीत घर करतो. मादी आत शिरून विष्ठा आणि मातीने तोंड लिंपते, चोचीपुरती फट ठेवते आणि तीन-चार महिने सर्वस्वी नराने आणलेल्या खाण्यावर, मुख्यतः फळांवर, जगते. हा काळ साधारण फेब्रुवारी ते मे, म्हणजे ऐन पर्यटनाचा. झाडाखाली माणसं दिसली की नर गळ्यात उंबरं घेऊन लांबच्या फांदीवर बसून राहतो. गर्दी हटली नाही तर तसाच निघून जातो. आतली मादी उपाशी. बाहेर फोटो काढणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. तेव्हा झाड न तोडता तंबू हलवा: झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडलं की फांदी पडायची भीतीही उरत नाही. ढोलीचं झाड ‘पॉइंट’ म्हणून नकाशावर दाखवू नये.

फ्रॉगमाउथ या रुंद तोंडाच्या निशाचर पक्ष्याचंही तेच. दिवसा जोडी एकमेकांना चिकटून वाळक्या पानांसारखी बसते, पुष्कळदा माणसाच्या डोक्याइतक्याच उंचीवर. अंडं एकच, आणि दिवसा त्यावर नर बसतो. फ्लॅश पडून तो उडाला तर अंडं उघड्यावर. फ्लॅश, तसंच मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं, या दोन्हींवर बंदी शिबिराच्या करारातच लिहा. फाटकावरची पाटी कोणी वाचत नाही.

पाणवठा आणि लपणगृह (पक्ष्यांना न दिसता बसून बघायची खोपी) करायचं असेल तर जेसीबीने खड्डा खणून सिमेंटचे उभे काठ बांधू नका. बुलबुल, सातभाईंसारख्या पक्ष्यांना उथळ पाणी लागतं: काठाशी दोन सेंटिमीटर, मध्ये पाच-सहा, तळ खरबरीत. वरून डबक्यात थेंब थेंब पडत राहिला तर पक्षी आवाजाने येतात. दर तिसऱ्या दिवशी पाणी उपसून टाकून नुसत्या ब्रशने घासायचं, साबण नको. नाहीतर शेवाळ धरतं आणि डासांच्या अळ्या होतात. लपणगृहाची खिडकी बसलेल्या माणसाच्या डोळ्याशी यावी, आत काळं कापड, दार मागून. छपराला पत्रा नको. दाणे टाकूच नयेत: उंदीर येतात, त्यांच्यामागून साप.

गाईडसाठी दुर्बिणी घेताना १०×५० च्या (दहापट मोठं दाखवणाऱ्या, ५० मिलिमीटर भिंगाच्या) फंदात पडू नये. गर्द झाडीत ८×४२ बरी, दृश्य रुंद दिसतं आणि हात कमी थरथरतो. पावसाळ्यात त्या चामडी पिशवीत ठेवल्या की काचेला बुरशी आलीच म्हणून समजा. सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवाव्यात.

पुढच्या हंगामाचे करार करण्याआधी, डिसेंबर संपायच्या आत, प्रत्येक शिबिराच्या परिसरातल्या ढोल्यांच्या झाडांची नोंद वनरक्षक आणि गावातल्या जाणत्या माणसांकडून करून घ्यावी आणि ती यादी कराराला जोडावी, ही विनंती.

आपले,
सह्याद्रीतले काही पक्षिनिरीक्षक