धुवारी, कापूस अन् तुझा प्रोजेक्ट

प्रिय बेटा,

तुझ्या आईच्या मोबाईलवर टाईप करून राहिलो, चुका असतील तर समजून घे. रविवारी तू तुझ्या प्रोजेक्टचं, म्हणजे उजेड कसा विखुरतो अन् मुद्दाम घडवलेल्या वस्तूनं तो कसा आवरायचा ते, सांगत होती अन् मधातच रेंज गेली, पण तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चालू आहे.

परवा पहाटे लाईन आली म्हणून मोटर सुरू करायला वावरात गेलो. धुवारी अशी की टॉर्च लावला तर समोर नुसती पांढरी भिंत. तुरीच्या फुलाची काळजी तर होतीच, पण मी तिथंच थांबून पाहत राहिलो. इतके वर्षं वाटायचं धुवारी उजेड खाते. तू म्हणाली, खात नाही बाबा, थेंबाथेंबावर आपटून चहूकडे फेकल्या जातो, अन् खरंच, माझाच उजेड माझ्या तोंडावर परत येऊन राहिला होता.

घरी आल्यावर कापूस घेतला. एकटा धागा उन्हात धरला तर काचेसारखा, त्याला रंग असा नाहीच, अन् ढीग केला की पांढराशुभ्र. मग थोडा पाण्यात बुडवला तर काळपट होऊन आरपार दिसाले लागला. हवा अन् धागा यांच्यात उजेडासाठी जेवढा फरक आहे तेवढा पाणी अन् धाग्यात नाही, म्हणून ओल्या कापसात उजेड कमी वळतो. भज्याचा कागद तेलानं आरपार होतो तेही हेच न? आयुष्यभर कापूस पिकवला पण हे आत्ता समजलं.

तू पाठवलेलं मी दोनदा वाचलं. 2007 मध्ये नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठात वेलेकोप अन् मोस्क या शास्त्रज्ञांनी पांढऱ्या रंगाच्या थरातून लेझर पाठवला, पण आधी त्याच्या एकेका भागाला थोडं मागंपुढं केलं, म्हणजे चार गावच्या बंड्या वेगवेगळ्या वेळी निघाल्या तरी जिनिंगच्या फाटकावर एकदमच पोचाव्या तसं, अन् पलीकडं एकाच ठिपक्यावर उजेड जमला, नुसत्या विखुरलेल्या उजेडापेक्षा हजारपट तेज. हे वाचून मी तुझ्या आईला हाक मारली.

तुझ्या प्रोजेक्टातलं मेटामटेरियल, म्हणजे मुद्दाम घडवलेला पदार्थ, त्याचं मी असं समजलो की त्याचा गुण कशापासून बनवलं यापेक्षा कसं घडवलं यातून येतो. उजेडाच्या लाटेपेक्षाही बारीक खांब, एकेकाची जाडी ठरवून, की उजेड किती थांबेल ते आपण ठरवायचं. उजेड मागंपुढं कराले आधी तो कसा विखुरतो ते मोजावं लागते, अन् धुवारीचे थेंब तर हलतात, म्हणून आत्ता मोजलेलं क्षणात बिघडते. पण 2018 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठवाल्यांनी मुद्दाम अस्ताव्यस्त खांबांचा पापुद्रा बनवला. घडवतानाच सगळं माहीत, मग उजेड कसा विखुरेल ते नव्यानं मोजायची गरजच नाही, अन् तो जागचा हलतही नाही. गोंधळ आपणच रचायचा ही गोष्ट मला लय आवडली. सर म्हणतात विषय अवघड आहे, तर असू दे, तू हाच घे. सॅम्पल बनवाले मुंबईला जावं लागलं तर सांग, तूर विकली की पैसे टाकतो.

तुझी मावशी शनिवारी पुण्याला येऊन राहिली, तिच्याजवळ शेंगदाण्याची चटणी दिली अन् एका पुडीत पहिल्या वेचणीचा कापूस. त्याच्यातून लेझर मारून पाह, कोरडा अन् ओला दोन्ही, अन् फोटो पाठव.

तुझा बाबा