कंट्रोलर अण्णा, तुम्ही बदलून गेलात आणि सांगायचं राहूनच गेलं

अण्णा नमस्कार,

परवा आपल्या बेळगावजवळच्या खानापूरच्या बस स्टँडवर गेलो तर तुमच्या खुर्चीवर दुसरेच कोणतरी. चौकशी केली तर म्हणाले त्यांची बदली झाली हुबळीकडं. धाकटीचं तोंड एवढंसं झालं. नंबर मागायला बरं वाटलं नाही म्हणून इथं लिहितेय, तुमच्या ओळखीतलं कोण ना कोण वाचून सांगेलच की. तुम्हाला मराठी वाचायला जमत नाही माहिताय, पण मला तरी कन्नड लिहायला कुठं येतंय.

तिसरीतली पोरगी, घड्याळ म्हटलं की रडायला सुरू. शाळेत पुठ्ठ्याचं घड्याळ दाखवलेलं, त्याचे दोन्ही काटे सुटे, साडेतीन दाखवायचे तर मोठा काटा सहावर आणि लहान काटा तसाच ताठ तीनवर. खऱ्या घड्याळात साडेतीनला लहान काटा तीन आणि चारच्या मधोमध येतो, मग हिला वाटायचं घरातलंच घड्याळ बिघडलंय. ट्यूशन लावली. तिथल्या सरांनी महिन्याच्या महिन्याला फी घेतली आणि वहीभर गोल काढून घेतले. नऊ पन्नासला निघालेली गाडी सव्वाअकराला पोचली तर किती वेळ लागला, असं गणित होतं, हिनं ११.१५ मधून ९.५० वजा केले आणि लिहिलं १.६५. सरांनी लाल पेननं भलीमोठी फुली मारली, खाली शेरा, 'लक्ष नाही'. अहो वजाबाकी बरोबरच होती की तिची, तासाची मिनिटं साठ, शंभर नव्हेत, एवढं एक वाक्य सांगायला काय पैसे पडत होते? वर मला फोन करून म्हणे, पोरीला कुणाला तरी दाखवून घ्या. असू दे, त्या माणसाबद्दल जास्त बोलत नाही, उगीच तोंड खराब होतं.

आणि तुम्ही. २०२३ च्या जूनमध्ये कर्नाटक सरकारची शक्ती योजना सुरू झाल्यापासून सरकारी बसमध्ये आम्हा बायकांना तिकीट फुकट, त्यामुळं संध्याकाळी स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते, तुमच्या खिडकीवर शंभर माणसं, ही गाडी का आली नाही ती कुठं अडकली, आणि त्या सगळ्यात तुम्ही हातातलं जुनं एचएमटी काढून माझ्या पोरीच्या हातात दिलंत. आपल्या बेंगळूरच्या कारखान्यातलं चावीचं घड्याळ. चावी ओढून दिलीत आणि म्हणालात, फिरव, मोठ्याकडं बघायचं नाही, लहान काय करतोय तेवढं बघ. तिनं मोठा काटा एक फेरा फिरवला तेव्हा लहान काटा हळूच एका आकड्यावरून पुढच्यावर सरकला. "आई, हा पण चालतोय!" एवढी ओरडली की वडापाववाला वळून बघायला लागला.

मग तिकिटाचा नाद लावलात. शून्य रुपयाचं असलं तरी त्याच्यावर वेळ छापलेली असते, ती बघायची, उतरताना घड्याळ बघायचं आणि आधी पूर्ण तासाला जायचं, मग उरलेलं. तिकीट सात अठ्ठेचाळीसचं, बेळगावला उतरलो आठ पस्तीसला, म्हणजे आठ वाजेपर्यंत बारा मिनिटं, पुढची पस्तीस, झाली सत्तेचाळीस. वजाबाकीच नको. आता आमच्या घरात असली तिकिटं डब्यात भरून ठेवलेली आहेत, टाकू देत नाही.

पण माझ्या मनात जे बसलंय ते वेगळंच. एक बॅगवाला दादा घाईघाईत येऊन विचारायला लागला, जांबोटी गाडी किती वेळ आहे. तुम्हाला तोंडपाठ, एका सेकंदात सांगितलं असतंत. तुम्ही काय म्हणालात, "ह्या ताईंना विचारा, गाडी पाच वीसला." घड्याळात चार पस्तीस झालेले. ही बोटांवर मोजायला लागली, तो माणूस चुळबुळ करतोय, मागची लाईन कुरकुरतेय, माझाच जीव वरखाली, मी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही माझ्याकडं न बघताच हात वर केलात आणि त्या माणसाला म्हणालात, "स्वल्प तडीरी." जरा थांबा, बास. आणि थांबलात. माईक बाजूला ठेवून, पेन खाली ठेवून, सगळी लाईन थांबवून. पाचपर्यंत पंचवीस... मग वीस... "पाऊण तास!" तो दादा हसून म्हणाला बरं बाळ, मग चहा पिऊन येतो. तुम्ही "व्हय" म्हणून परत रजिस्टरात डोकं घातलंत, जसं काही झालंच नाही. शाबास नाही, टाळ्या नाहीत. मला मात्र तिथंच भरून आलं, खरं सांगते, कारण तोपर्यंत त्या पोरीच्या उत्तरासाठी कोण थांबलंच नव्हतं, घरातले पण नाही.

आमच्याकडं १ नोव्हेंबर आला की एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला मराठी लोकांचा काळा दिवस, बोर्ड कुठल्या भाषेत यावरून काय काय होतं ते सगळ्यांना माहिताय. त्याच गावात एक कन्नड माणूस ड्युटीवर बसून मराठी शाळेतल्या पोरीला मोडक्यातोडक्या मराठीत पाऊण आणि पावणे शिकवत होता, हे पण लिहून ठेवायला पाहिजे की कोणीतरी. असली माणसं पेपरात येत नाहीत, पण स्टँड, पोस्ट, दवाखाना चालतोय तो त्यांच्यामुळंच बगा.

आता काम. शेवटच्या भेटीत आम्ही निघताना तुम्ही तिला घातलेलं गणित, वस्तीची गाडी रात्री आठला गावात पोचते, सकाळी सहाला सुटते, ड्रायव्हरला झोप किती? तिनं बारापर्यंत चार, पुढं सहा, असे दहा तास सांगितलेले. घरी आल्यावर म्हणाली ते जेवणार नाहीत का, आंघोळ नाही का, म्हणून दीड तास कापून साडेआठ केलेत. तेवढ्यावर पण समाधान नाही, परवा जाऊन ड्रायव्हरमामांनाच विचारून आली, ते म्हणाले मच्छर चार तास पण झोपू देत नाहीत. तर नेमकं उत्तर काय धरायचं ते तेवढं कळवा, रोज विचारून डोकं खातेय. आणि खानापूरला आलात तर जेवायलाच या.

तुमची,
पाच वीसच्या जांबोटी गाडीवाल्या पोरीची आई