फायबर सगळ्यांच्याच पोटाला मानवत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्याच्या पानावर पोट साफ राहावं म्हणून फायबर, म्हणजे चोथा असलेलं खाणं, कोंड्यासकट पीठ, मोडाची कडधान्यं, कच्ची काकडी-गाजरं भरपूर खा असं आलं होतं. ज्याला बद्धकोष्ठ आहे त्याला ते बरोबरच आहे, पण आमच्या घरात यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे अन त्या दिवसापासून नात्यातल्या चौघांनी तरी ते कात्रण व्हॉट्सॲपवर पाठवलंय, म्हणून लिहितेय.

या आजारात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन जखमा होतात, शौचातून रक्त अन आव पडते, आजार चाळवला की दिवसातून दहा-दहा वेळा जावं लागतं, मग औषधानं शांत होतो अन पुन्हा कधीतरी उठतो. हा तिखटानं होत नाही अन कुणाचा कुणाला लागतही नाही, शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या आतड्यावर उलटते. रक्त दिसलं की आमच्याकडं सगळे मूळव्याधच समजतात अन पाटी बघून कुठंबी जातात, खरं तर आधी पोटाच्या डॉक्टरला दाखवून दुर्बिणीची तपासणी करायला पाहिजे.

खाण्याचं म्हणाल तर एकच यादी बारा महिने चालत नाही. आजार उठलेला असताना आमच्याकडं मऊ भात, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, साल-बिया काढून शिजवलेला दुधी, केळं, उकडलेलं अंडं, असं थोडं थोडं चार-पाच वेळा. दूध यांना चालत नाही, ताक चालतं, दुसऱ्या कुणाला उलटंही असेल, म्हणून काय खाल्लं अन काय झालं ते वहीत लिहून ठेवायचं. पण शांत झाल्यावर भाकर, भाज्या हळूहळू परत सुरू करायच्याच, हे लई लोक विसरतात. ओळखीतला एक पोरगा भीतीपोटी नुसता ताक-भातच खात राहिला, पार वाळून गेला अन हिमोग्लोबिन खाली आलं.

येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात पूजेला-जेवायला गेलो की परीक्षाच असते. भज्जीच्या मिसळ भाजीत वाटाणा, हरभरा, तूर, पालेभाज्या सगळंच, अन पाटावर बसवून आग्रह, "एवढं तर खा, लक्ष्मीचा प्रसाद हाय!" एखाद्या वर्षी आजार शांत असला तर चार घास मीच वाढते, नसला तर आंबील गाळून पातळ करून वाटीभर देते. माणूस नको म्हणतोय तर त्याला नाही म्हणू द्या ना, त्याला काय खायची इच्छा नसते का.

अन पथ्य म्हणजे गोळ्या बंद नव्हं. बरं वाटलं की लोक मेसालामाइन सोडतात, ती तर आजार शांत ठेवण्यासाठीच असते. स्टेरॉइड सुरू असेल तर एकदम तोडायचंच नाही, डॉक्टर सांगतील तसं कमी करायचं. कंबर दुखली म्हणून मेडिकलवरनं आणलेल्या डायक्लोफेनॅकनंही आजार उठू शकतो, दुकानदाराला आजार सांगूनच गोळी मागावी. आजाराला आठ वर्षं झाली की कॅन्सरची भीती असते म्हणून डॉक्टर ठरावीक काळानं दुर्बीण करायला सांगतात, ती टाळू नये.

राहिलं पाण्याचं, अन ते लातूर-बीडकडच्या माणसालाच कळेल. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यात आमच्याकडं एक ड्रम नुसता संडाससाठी राखलेला होता, त्याला कुणी हात लावायचा नाही, पोरांनीसुद्धा. टँकरचं पाणी उकळूनच प्यायचं, जुलाब लागले की मीठ-साखरेचं पाणी सुरू करायचं. प्रवास मात्र जमत नाही, कारण एसटी स्टँडवरच्या संडासाला एकतर कुलूप नाहीतर आत पाणी नाही. हे लाडक्या भाचीच्या लग्नाला परभणीला जाऊ शकले नाहीत ते याच्यामुळंच.

साहेब, त्याच पानावर एखाद्या पोटाच्या डॉक्टरकडून या आजाराच्या पथ्यावर सविस्तर लेख छापा, आजार उठलेला असताना काय अन शांत असताना काय असं वेगवेगळं करून. अन तुमचे बातमीदार स्टँडवर जातातच, तर एकदा तिथल्या संडासाचा नळ उघडून बघा अन फोटो छापा.

आपली वाचक,
एक गृहिणी, जि. लातूर